मशीनवरचं चिनी अक्षर: गोळी, बॉम्ब की पिंजण?

गादीवाला दिग्रस

नमस्कार मंडळी. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात गाद्या-रजया भरतो. बापजाद्यापासून पिंजाऱ्याचाच धंदा. आबाची पिंजायची धनुकली अजून आड्याले टांगून हाय, तिची दोरी, म्हणजे तात, तुटली पण लाकूड शाबूत. औंदा दिवाळीच्या गर्दीआधी नागपूरहून पिंजायची एक जुनी मशीन आणली, चिनी बनावटीची. काम चांगलं करते. वीस वर्षं अंगाखाली दबून गोळे झालेला कापूसही मोकळा करून देते.

पण तिच्या कपाळावर एक पितळी पाटी हाय आणि पाटीवर तीन मोठी चिनी अक्षरं. पोरानं मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर काढलं त आलं, 'गोळी कापूस यंत्र'. जरा बाजूनं धरला त 'बॉम्ब कापूस मशीन'. झालं! दोन दिवसात गावभर बोंब, का गादीवाल्यानं बंदुकीच्या कारखान्यातली मशीन उचलून आणली. टपरीवर पोलीस पाटील इचारते, "काय बे, लायसन काढलं काय?" हसण्यावारी नेलं, पण आता मलेच चैन नाई.

पहिलं अक्षर असं हाय: डाव्या अंगाले आपला ३ चा आकडा, पण गोलाई नाई, सारे कोपरेच. उजव्या अंगाले वरती दोन तिरप्या टिकल्या, त्याच्या खाली चौकट, चौकटीच्या मधून आडवी रेघ, आणि एक उभी रेघ आरपार खालपर्यंत. त्या उभ्या रेघेले खाली एक लांब आडवी दांडी. पुतणीजवळ एक जपानी की-बोर्ड हाय, वाजवायचा. त्याच्या पुस्तिकेत असंच अक्षर दिसलं, फक्त वर दोन नाई, तीन टिकल्या. तिथं मोबाइल म्हणते 'वाजवा'. एकच अक्षर हाय का दोन? आणि गोळी, बॉम्ब, वाजवणं, याचा अन् माह्या कापसाचा संबंध काय? कोणाले येत असंल त सांगा राजेहो.

खडूस वणीकर

चिनी माल आहे भाऊ. फुटला तर बॉम्ब, नाही फुटला तर मशीन.

आर्वीची पऱ्हाटी

गादीवाले भाऊ, पाटलांना सांगा लायसन लागत नाही. पाटीवर 'थान म्येन ची' लिहिलंय. पिंजणे, कापूस, यंत्र. तुमच्या-माझ्या भाषेत पिंजायची मशीन. मोबाइलने पहिल्या अक्षराचा भलताच अर्थ उचलला, पण तो अर्थ हवेतून आलेला नाही. तोही त्याच अक्षराचा आहे.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी जपानी मॅन्युअलं इंग्रजीत करून देते, आर्वीकडच्या आमच्या खेड्यात बसून, लाइन असेल तेव्हा. हे अक्षर माझ्या रोजच्या भाकरीतलं आहे. स्प्रिंग आली, रबर आलं, लवचीकपणा आला की ते हजर. त्यामुळे लांबण लागेल. ज्याला कंटाळा येईल त्याने वणीकरांचं उत्तर पुरेसं समजावं.

तुमचं ते कोपऱ्यांचं ३ म्हणजे धनुष्य. खरोखरचं धनुष्य, उभं धरलेलं. चीनच्या हेनान प्रांतात आनयांगजवळ बैलांची खांद्याची हाडं आणि कासवांची कवचं सापडली, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची, शांग राजांच्या काळातली. प्रश्न विचारायचा, हाड तापवायचं, तडा कसा जातो त्यावरून कौल घ्यायचा आणि मग ते त्यावर कोरून ठेवायचं. त्या हाडांवर हे अक्षर आहे ते नुसतं धनुष्य आणि दोरीच्या मधोमध एक बारका गोल, एवढंच. बाण नाही, गोळी आहे. मातीची गोळी मारायचं धनुष्य. आपल्याकडेही रबराची गलोल यायच्या आधी बांबूच्या कमानीची गुलेल होतीच. आमचे मामाजी सांगतात, ज्वारी निसवली की जागलीवर पोरं तीच घेऊन बसत. चीनमध्ये या गुलेलीचं एक आठ अक्षरांचं जुनं गाणं नोंदवलेलं आहे, त्याचा मतलब असा: बांबू तोड, बांबू जोड, माती उडव, शिकार गाठ. संपलं गाणं.

पुढे उजवीकडचा भाग जोडला गेला, तो उच्चार दाखवायला. त्या भागाला अर्थ विचारू नका, त्याचं काम फक्त आवाजाचं. इसवी सन १०० च्या सुमाराला शू शेनने जो कोश केला त्यात या अक्षराचा अर्थ दिलाय, गोळी चालवणे. इथपर्यंत तुमचा मोबाइल बरोबर.

आता गंमत बघा. गोळी मारताना आपण करतो काय? दोरी ओढतो आणि सोडतो. अक्षराचा अर्थ गोळीवरून हळूहळू त्या सोडण्यावर सरकला. बोटाने टिचकी मारली तरी तेच अक्षर. वीणेची तार छेडली तरी तेच. आपण 'चुटकीसरशी' म्हणतो तिथे चिनी माणूस 'थान-ची' हीच दोन अक्षरं घेऊन बोलतो, म्हणजे बोटाची टिचकी वाजेपर्यंत. तार छेडली की थरथरते, परत जागेवर येते, म्हणून जे जे दबून परत येतं ते सगळं याच्या पदरात पडलं. स्प्रिंग ही 'थान-हुआंग', लवचीकपणा हा 'थान-शिंग'.

आणि मग कापूस. तुमचे आबा तातीवर लाकडी मूठ मारायचे, तेव्हा तात कापसात शिरून थरथरायची आणि रेषा-रेषा सुटा व्हायचा. चिनी पिंजारी अगदी हेच करायचा. फरक एवढाच की आपल्याकडे धनुकली छताला टांगतात, आणि तिकडचा गडी पाठीला एक लवचीक बांबू बांधतो, बांबूचं टोक डोक्यावरून पुढे येतं आणि धनुकली त्या टोकाला लटकते. माणूस फिरेल तशी धनुकली फिरते, दोन्ही हात मोकळे. १३१३ सालच्या शेतीवरच्या चिनी ग्रंथात कापसाची ही धनुकली आलेली आहे. कापूस पिंजून झाला की त्यावर सुताची जाळी आडवी-उभी अंथरतात आणि लाकडी चकतीने दाबतात. लग्नाची रजई असली तर लाल सुताने मधोमध दुहेरी आनंदाचं अक्षर घालतात. एवढ्या सगळ्याला क्रियापद कोणतं? तेच. वीणा छेडायची आणि कापूसही छेडायचा. पिंजायला त्यांच्याकडे वेगळा शब्द काढावा लागला नाही.

मग घोळ कुठे झाला? या अक्षराला चिनीत दोन उच्चार आहेत. क्रिया असेल तर 'थान', स्वर खालून वर चढवायचा. वस्तू असेल तर 'तान', स्वर वरून खाली टाकायचा. 'तान' म्हणजे गोळी, काडतूस, बॉम्ब, क्षेपणास्त्र. लिहिताना दोन्ही सारखेच. शेजारी वीणा असेल तर छेडायचं, शेजारी बंदूक असेल तर गोळी. तुमच्या मोबाइलने शेजारचा कापूस बघितलाच नाही.

व्हिएतनामने हा गुंता सोडवून टाकला. त्यांनी शेकडो वर्षं चिनी अक्षरं वापरली, आता रोमन लिपी वापरतात, आणि एका अक्षराचे सरळ दोन शब्द झाले. दोन्ही 'दान'च, पण एक सावकाश खाली येणारा, म्हणजे तंतुवाद्य, आणि दुसरा गळ्यात दाबून तोडलेला, म्हणजे बंदुकीची गोळी. त्यांचं एका तारेचं वाद्य आहे, 'दान बाउ', बाउ म्हणजे भोपळा. आपल्या एकतारीची चुलत बहीण म्हणा. हा उच्चार नीट नाही काढला तर वाद्याच्या दुकानात जाऊन गोळ्या मागाल.

जपान्यांनी उच्चार घेतला 'दान', पण त्याबरोबर आपली देशी क्रियापदंही त्याच अक्षरावर चढवली. वाद्य वाजवणे 'हिकू', चेंडू उसळणे 'हाझुमू', टिचकीने उडवणे 'हाजिकू', आणि गोळी 'तामा'. पुतणीच्या पुस्तिकेतलं ते 'हिकू' आहे. आम्हाला वर्गात हे अक्षर शिकवलं तेच 'पियानो वाजवते' या वाक्यात. आर्वीत पियानो कुणी बघितला होता? माझ्यासाठी बरेच दिवस ते अक्षर म्हणजे भजनी मंडळाची पेटी होती, आणि गंमत म्हणजे पेटीला तार नसूनही जपानी त्यालाही 'हिकू'च म्हणतात. पण बघा, कापूस पिंजायला मात्र ते हे अक्षर वापरत नाहीत. तिथे गादीवाल्याच्या पाटीवर 'वाता-उची' असतं, कापूस हाणणे. तीच धनुकली, तीच मूठ, चीनने तातीकडे पाहिलं आणि जपानने मुठीकडे.

तीन टिकल्यांचं म्हणाल तर अक्षर एकच आहे, कपडे तीन. जुन्या रूपात उजवीकडे वर दोन छोट्या चौकटी होत्या. तैवान, हाँगकाँगमध्ये अजून तसंच लिहितात. जपानने १९४९ मध्ये अक्षरं सुटसुटीत केली तेव्हा त्या चौकटींच्या जागी तीन टिकल्या आल्या. चीनने १९५६ पासून आपली वेगळी सुधारणा केली, त्यांनी दोनच ठेवल्या. त्यामुळे नुसतं हे एक अक्षर बघून माल कुठला ते कळतं. तुमची मशीन चीनचीच, दुकानदाराने खोटं नाही सांगितलं.

तिसरं अक्षर 'ची' म्हणजे यंत्र. त्याच्या जुन्या रूपाचं जपानी देशी वाचन 'हाता' आहे, म्हणजे हातमाग. दुसरं, कापसाचं, ते वेगळं प्रकरण आहे, विचारलंत तर सांगेन.

जाता जाता एक म्हण. आपण गाढवापुढे गीता वाचतो. चिनी माणूस बैलापुढे वीणा 'थान' करतो. गोष्ट अशी की एका वादकाने बैलापुढे उत्तम राग छेडला, बैल चरत राहिला. मग त्याने तारेवर डासाची गुणगुण आणि चुकलेल्या वासराचं हंबरणं काढलं, तेव्हा बैलाने शेपटी हलवली आणि कान टवकारले. ही गोष्ट एका बौद्ध ग्रंथात येते आणि तिथे ती बैलाची टिंगल म्हणून नाहीच, ज्याला जे कळतं त्यात त्याच्याशी बोलावं, या अर्थाने आहे. व्हिएतनामीत हेच वाद्य म्हशीच्या कानाशी वाजतं. जपानी घोड्याच्या कानात नामजप करतात.

जांभळी दारव्हा

ताई!!! थांबा थांबा. म्हणजे आमच्या बांगतानमधलं 'तान' हेच का??

बीटीएस हा कोरियन पोरांचा बँड, त्याचं खरं नाव बांगतान सोन्यॉन्दान. बांग म्हणजे अडवणे, तान म्हणजे गोळी, पुढे पोरांचं पथक. गोळ्या अडवणारी पोरं. २०१३ ला आले तेव्हा सांगितलं होतं की तरुण पोरांवर समाजाचे जे टोमणे आणि अपेक्षा येतात त्या अडवायच्या. मी कोरियन यूट्यूबवर शिकते, तिथे चिनी अक्षरं कुणी शिकवत नाही, सगळं हांगुल या कोरियन लिपीतच. त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं की खाली एक धनुष्य दडलंय. आता बाबांना सांगते, बीटीएस आणि पिंजारी एकाच अक्षराचे.

अजून एक विचारायचं होतं. बातम्यांमध्ये 'थानहेक', म्हणजे महाभियोग, यायचं, दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉल यांचं. १४ डिसेंबर २०२४ ला संसदेने महाभियोग मंजूर केला आणि ४ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने त्यांना पदावरून काढलं. त्यातलं 'थान' पण हेच का?

आणि एक मला सांगता येतं! कोरियनमध्ये 'गायागम' म्हणून बारा तारांचं वाद्य असतं, ते वाजवण्याला 'थादा' म्हणतात. आणि कापूस पिंजण्यालाही 'थादा'च. हा शब्द चिनी नाही, देशी आहे. माझ्या शिकवणीत गायागमचं वाक्य होतं, मी शब्दकोशात पाहिलं तर खाली कापूस निघाला. तेव्हा वाटलं, छापण्यात चूक असेल.

बाय द वे कोरियात सरकी १३६३ मध्ये मुन इक-जॉम नावाच्या अधिकाऱ्याने चीनहून आणली. लेखणीच्या नळीत लपवून आणली, अशी कथा सांगतात.

आर्वीची पऱ्हाटी

जांभळी, हो, तेच. बांगतान, थानहेक, दोन्हीत तेच धनुष्य. दरबारातल्या अधिकाऱ्यावर दोषारोप ठेवण्यालाही चीनमध्ये जुन्या काळापासून हेच अक्षर. आपण शब्दांचा भडिमार म्हणतो, तिथे गोळी मारतात. तोच शब्द जपानीत 'दांगाइ'. गोळीचा पसारा फार मोठा आहे. १९४० साली जपानने जलद रेल्वेची एक योजना मंजूर केली होती, तिला लोक 'दांगान रेश्शा', गोळीगाडी, म्हणत. युद्धात ती बारगळली, शिनकानसेन ही जपानची जलद रेल्वे धावली १९६४ ला. 'बुलेट ट्रेन' हा शब्द त्या गोळीगाडीतून आला असं मानतात. जपानी माणूस आज तिला गोळी म्हणतच नाही, मुंबई-अहमदाबादवाले म्हणतात.

'थादा' मला माहीत नव्हतं. छापण्यातली चूक नाही ती. बहुत छान सापडलं तुला.

निवृत्त गुरुजी, कारंजा

आर्वीच्या ताईंचे लेखन वाचून आनंद झाला. मात्र एक मुद्दा सुटला असे वाटते. 'तान', 'थान' या उच्चारांकडे पाहावे. संस्कृत 'तन्' म्हणजे ताणणे. त्यावरून तंतू, ताण, गायनातील तान, कापडाचा ताणा. धनुष्याची दोरी ताणतात, वीणेची तार ताणतात, कापडाचे ठाणही आले. हा शब्द आपल्याकडूनच बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेला असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आर्वीची पऱ्हाटी

गुरुजी, नमस्कार करते आणि मगच भांडते. जुळत नाही हे. एक तर अक्षर हाडांवर कोरलं गेलं ते बुद्धाच्या कितीतरी आधी. दुसरं, आजचा 'थ' नवा आहे. जुन्या चिनीत हा शब्द 'द'ने सुरू व्हायचा असं अभ्यासक मानतात, आणि जपान्यांनी तो जुन्या काळी उचलला म्हणूनच त्यांच्याकडे तो 'द' टिकून आहे, 'दान'. 'तन्'पासून निघालं तर 'द'ला कुठे बसवणार? आवाज सारखा दिसला की सोयरीक जुळवू नये, आपल्याकडे लग्नात सुद्धा गोत्र बघतात.

पण आपल्याकडून काही गेलंच नाही असं नाही. गेलं, आणि ते याच पाटीवर बसलंय, दुसऱ्या अक्षरात. कापूस आपल्याकडचा. आपली गावरानी पऱ्हाटी, बारक्या बोंडाची, बीटी यायच्या आधी आमच्याही वावरात असायची, तिच्याच जातकुळीचा कापूस दक्षिणेकडून चीनमध्ये गेला. वायव्येकडून दुसरी जात गेली, मध्य आशियातून. चीनच्या जुन्या नोंदींत कापसाला 'ची-पेइ' असं एक नाव येतं आणि ते 'कार्पास'च्या घरातलं, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. कापूसही त्याच घरातला. हे चालेल ना गुरुजी?

पण ते नाव टिकलं नाही, 'म्येन' टिकलं. चीनमध्ये कापसाआधी रेशीम होतं आणि रजईत भरायला रेशमाचा पिंजलेला भुगा वापरत. त्याला 'म्येन' म्हणत. अक्षर कसं, तर एका बाजूला सूत, दुसऱ्या बाजूला पांढरं कापड. मग हा झाडावरचा पांढरा भुगा आला, तर त्यांनी सूत काढलं आणि त्या जागी झाड बसवलं. गादीवाले भाऊ, तुमच्या पाटीवर मधल्या अक्षराच्या डाव्या अंगाला झाडच आहे बघा, उभी रेघ, आडवी फांदी, खाली दोन मुळं. जपान्यांनी मात्र रोजच्या लिहिण्यात सुताचंच अक्षर ठेवलं, म्हणून जपानी कपड्याच्या लेबलवर झाड दिसणार नाही.

आता 'झाड' आणि हे 'म्येन' अशी दोन अक्षरं जोडून लिहिली तर काय होईल? चीनमध्ये वाचतील 'मू-म्येन', आणि दाखवतील काटेसावर. फाल्गुनात आपल्या मेळघाटात लालभडक फुलते आणि उन्हाळ्यात जिचा कापूस वाऱ्यावर उडतो तीच. ग्वांगझू शहराचं ते अधिकृत फूल आहे. जपानमध्ये त्याच जोडीला, तिकडच्या सुताच्या 'म्येन'ने लिहिलेल्या, वाचतील 'मोमेन', आणि दाखवतील साधं सुती कापड. देवळातल्या पुजाऱ्याने वाचलं तर 'यू', आणि तो दाखवील तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीचे पांढरे धागे, जे ते देवाला वाहतात. लिहायला जवळपास एक, वस्तू तीन, तिन्हींतला खरा कापूस एकच. सावरीचा कापूस कातत नाही, उशीत भरतात, हे गादीवाल्यांना मी काय सांगणार.

आणि गुरुजी, तुमच्यासाठी राखून ठेवलेलं. इसवी सन ७९९ मध्ये जपानच्या मिकावा प्रांतात एका होडीतून एक परका माणूस वाहत आला. भाषा कुणाला कळेना. पुढे तिथली भाषा शिकला तेव्हा त्याने सांगितलं, मी तेनजिकूचा. तेनजिकू म्हणजे भारत. त्याच्या सामानात गवताच्या बियांसारखं काही होतं, ती निघाली सरकी. दरबारी इतिहासात ही नोंद आहे. त्याने आपलं सामान विकलं आणि रस्त्याकडेला एक घर बांधलं, गोरगरिबांना टेकायला. आणि तो नेहमी एका तारेचं वाद्य छेडत बसायचा, गळा फार करुण होता, असं लिहिलंय. 'छेडत बसायचा' याला नोंदीत जे अक्षर वापरलंय ते हेच, धनुष्याचं. पुढच्या वर्षी ती सरकी दक्षिणेकडच्या प्रांतांत वाटली, लावली, पण पीक टिकलं नाही. जपानात कापूस रुजायला आणखी काही शतकं गेली. निशिओ शहरात त्या माणसाचं देऊळ आहे, तेनजिकू देऊळ. तो खरोखर कुठला होता ते त्यालाच ठाऊक, पण सरकी आणि एकतारी घेऊन निघालेला माणूस मला तरी परका वाटत नाही.

निवृत्त गुरुजी, कारंजा

'द'चा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. ठाण मागे घेतो. 'तन्' अजून घेत नाही.

खडूस वणीकर

गुरुजी हटत नाहीत, बैल कान टवकारत नाही. ताई, जपान्यांनी सरकी नेली, भाव कोणी नेला ते पण सांगा.

गादीवाला दिग्रस

ताई, तुमचं लिहिलेलं पोरानं टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. पाटील म्हणते, बरं झालं, पंचनामा वाचला. मी पाटी पाह्यली, मधल्या अक्षरात झाड हाय, मुळंही हाय. आबाची धनुकली खाली काढली. पाठीले बांबू बांधून कसं करत असंल थे करून पाह्याचं हाय, पण आधी तात आणा लागते.

एक राह्यलं. मशीनचं झाकण उघडलं त आतमध्ये पिवळं तिकोनी स्टिकर हाय, खाली चार अक्षरं. शेवटचं अक्षर म्हणजे वर एक तिरपी रेघ, खाली दोन आडव्या आणि मधून एक उभी, तिले खाली आकडा. मोबाइल इथं काहीच बोलत नाई, तेल लागून पुसट झालं. माहं झाकण सध्या काढूनच ठेवलेलं हाय, काडीकचरा अडकते म्हणून.

आर्वीची पऱ्हाटी

भाऊ, ते शेवटचं अक्षर 'शौ', हात. मशीनवर पिवळ्या त्रिकोणाखाली चार अक्षरं आणि शेवटी हात, म्हणजे बहुतेक 'तांग-शिन च्या-शौ'. हात सापडेल, सांभाळा. धनुकलीच्या काळात हे स्टिकर लागत नव्हतं, रोलरवर लागतं. झाकण आजच बसवा. कचरा काढायचा तर आधी बटण बंद आणि पिन भिंतीतून बाहेर, नुसतं बटण नको, आपल्याकडे गेलेली लाइन कधी परत येईल याचा भरवसा नाही. आणि कामाला पोरं येत असतील तर जाड मार्करने मराठीत लिहून झाकणावर बाहेरून चिकटवा: आत हात घालू नये.